ओव्हनची झळ फ्रिजला लागू नये म्हणून: जागा, पडदा आणि चाचणी

उन्हाळा तोंडावर आला की ठरलेला प्रश्न येतो: "ओटीजी (ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन) फ्रिजला लागूनच आहे, मध्ये काय लावू?" विचारेपर्यंत बहुतेकांनी काहीतरी लावलेलंही असतं. कुणी थर्माकोलचा तुकडा कोंबतं, कुणी फ्रिजच्या अंगावर चंदेरी फॉइल चिकटवतं, कुणी कडप्प्याची फरशी उभी करतं. तिन्ही उपाय चुकीचे आहेत आणि पहिला तर धोक्याचा आहे.

कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरांची आखणी बरीचशी सारखी असते. ओट्याच्या एका टोकाला सिंक, दुसऱ्या टोकाला फ्रिजची जागा आणि फ्रिजला लागून ओट्याचा रिकामा कोपरा. ओव्हन घरात आला की त्याच कोपऱ्यात बसतो. घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांकडे तो दिवसातून चार-चार तास चालतो आणि शेजारच्या फ्रिजमध्ये लोणी, क्रीम, दूध असतं. म्हणजे ज्या घरात फ्रिज नीट चालणं सगळ्यात गरजेचं, तिथेच त्याला सगळ्यात जास्त झळ लागते.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती टाकायला त्याला मोकळी हवा लागते. ओव्हनच्या भीतीने फ्रिज गुंडाळला तर त्याची स्वतःची उष्णता कोंडते आणि कॉम्प्रेसरचे हाल होतात. तेव्हा झळ अडवायची, वारा अडवायचा नाही. पुढचा प्रत्येक टप्पा याच हिशेबाने लिहिला आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. पडदा, म्हणजे ओव्हन आणि फ्रिजच्या मध्ये उभा करायचा पत्र्याचा आणि बोर्डाचा आडोसा, आधी बनवून मग मापं घेतली की तो वाया जातो, आणि हे फार वेळा होतं.

## टप्पा १: दोन्ही यंत्रं ओळखा

ओव्हन कोणता आहे? त्रास देण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी.

साधा मायक्रोवेव्ह बाहेरून फारसा तापत नाही. त्याचा पंखा मात्र मागून किंवा बाजूच्या जाळीतून गरम, दमट हवा फेकतो. कन्व्हेक्शन मोड (गरम हवेने भाजण्याची सोय) असलेला मायक्रोवेव्ह त्या मोडमध्ये खऱ्या ओव्हनसारखाच तापतो. ओटीजी या सगळ्यांत त्रासदायक: आत २३० ते २५० अंशांपर्यंत तापमान, भिंती पातळ पत्र्याच्या आणि इन्सुलेशन बेताचंच. अर्ध्या तासात त्याच्या बाजूच्या पत्र्याला हात लावणं अवघड होतं. खाली गॅसचा ओव्हन असलेली कुकिंग रेंज असेल तर वर शेगड्यांची ज्योतही धरावी लागते.

कपाटात बसवलेल्या ओव्हनला स्वतःचं इन्सुलेशन आणि थंड करणारा पंखा असतो. ओव्हन बंद केल्यावरही तो पंखा काही वेळ चालतो, ते बरोबरच आहे. तिथे घोळ होतो तो सुतारकामात. "झुरळं जातात" म्हणून हवेची फट प्लायने बंद केली जाते. तुमच्याकडे असा ओव्हन असेल तर आधी ती फट उघडा. अनेकदा पडद्याची गरजच उरत नाही.

फ्रिजची उष्णता कुठून बाहेर पडते? फ्रिजच्या मागे काळी जाळी दिसत असेल तर उष्णता मागून बाहेर पडते. मागची बाजू सपाट असेल तर उष्णता बाहेर टाकणारी गॅसची नळी बहुधा बाजूच्या पत्र्याच्या आत दडलेली असते. अशा फ्रिजची कड कॉम्प्रेसर चालू असताना कोमट लागते. हा बिघाड नाही. पण अशा फ्रिजच्या बाजूला काहीही चिकटवायचं नाही, त्याच्या अंगात खिळा किंवा स्क्रू तर मुळीच मारायचा नाही. आत नळी फुटली की गॅस गेला.

फ्रिजच्या आतल्या भिंतीवर किंवा मागे एक माहितीपट्टी असते. तिच्यावरचा हवामानाचा वर्ग बघा. एन म्हणजे बाहेरची हवा ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८ पर्यंत आणि टी म्हणजे ४३ अंशांपर्यंत असेल तोवर फ्रिज नीट काम करेल, अशी त्याची रचना. इथे "बाहेरची हवा" म्हणजे फ्रिजच्या अंगाभोवतीची हवा. एप्रिलमध्ये दुपारी स्वयंपाक चालू असताना खोलीच ३५-३६ वर असते. त्यात ओव्हनच्या फटीतली हवा आणखी गरम. एसटी वर्गाचा फ्रिज तिथेच मर्यादेला टेकतो. त्याच पट्टीवर भरलेल्या गॅसचं नाव असतं, तेही लिहून ठेवा.

## टप्पा २: आजची स्थिती मोजून ठेवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. मग पडदा लावल्यावर फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवतात. एक वही घ्या आणि चार गोष्टी टिपा.

आतलं तापमान. स्टीलच्या पेल्यात पाणी भरून त्यात फ्रिजचा थर्मामीटर बुडवा आणि पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी दार उघडल्या उघडल्या आकडा वाचा. ३ ते ५ अंश असायला हवेत. नुसत्या हवेत टांगलेला थर्मामीटर दार उघडताच वर चढतो, म्हणून पाण्यात. हाच आकडा ओव्हन दोन तास चालल्यावर पुन्हा घ्या.

दोन्ही कडांची तुलना. ओव्हन सकाळपासून बंद असताना एक तळहात फ्रिजच्या डाव्या कडेवर आणि दुसरा उजव्या कडेवर, सारख्याच उंचीवर ठेवा. दोन्ही सारख्या कोमट असतील तर ती फ्रिजची स्वतःची उष्णता. ओव्हन ४० मिनिटं चालल्यावर पुन्हा तसंच करा. ओव्हनकडची कड दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली, तर तो जास्तीचा ताप ओव्हनचा. बहुतेक लोक एकाच बाजूला हात लावतात, "फ्रिज तापलाय" म्हणून घाबरतात आणि मेकॅनिकला बोलावतात. तुलना केल्याशिवाय त्या हाताला काही अर्थ नाही.

हवेची वाट. ओव्हन चालू असताना पेटलेली उदबत्ती दोघांच्या मधल्या फटीशी धरा. आधी खाली, मग मधोमध, मग वर. धूर सरळ वर ओढला गेला तर हवा वाहते आहे. धूर जागच्या जागी घुटमळला किंवा फ्रिजकडे वळला तर तिथे हवा कोंडली आहे, किंवा ओव्हनची जाळी त्याच दिशेला फुंकते आहे. ओव्हनची गरम हवा नेमकी कुठून निघते हेही याच उदबत्तीने कळतं. उदबत्ती गॅसच्या नळीपासून लांब धरा. गॅसचा वास येत असेल तर ती पेटवूच नका.

दाराचं रबर. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर ढिलं झालं आहे. ओव्हनकडच्या कडेला तीन-चार ठिकाणी बघा. रबरच गेलं असेल तर आधी ते बदला, नाहीतर पडदा कितीही चांगला बनवला तरी आकडा सुधारणार नाही.

> थांबा: आतलं तापमान ओव्हन बंद असतानाही ७-८ अंश येत असेल तर दोष ओव्हनचा नाही. पुढे जाण्याआधी फ्रिज तपासून घ्या.

## टप्पा ३: हलवता येतं का ते बघा

पडदा हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. पहिला उपाय अंतर, आणि त्याला काही खर्च नाही.

ओव्हन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाईल का? मिक्सर आणि ओव्हनची अदलाबदल होईल का? स्वयंपाकघराबाहेरच्या ड्राय बाल्कनीत भक्कम टेबल आणि १६ अँपिअरचा पॉइंट असेल, पाऊस आत येत नसेल, तर ती उत्तम जागा. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस तिरका येतो. त्यामुळे बाल्कनीला खिडकी नसेल तर तो विचार सोडा.

फ्रिज हलवायचा असेल तर आधी बंद करून प्लग काढा, आतला माल बाहेर घ्या आणि फ्रिज उभाच सरकवा. फार कलता करावा लागला तर नव्या जागी काही तास उभा ठेवूनच चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं. नव्या जागी पुढचे पाय थोडे उंच ठेवा, दार आपोआप मिटलं पाहिजे.

ओव्हन फ्रिजच्या डोक्यावर ठेवण्याचा विचार कुणीही करू नये. वजन, हादरे, उष्णता, सगळंच चुकीचं. ओव्हन फ्रिजच्या अगदी समोर, हातभर अंतरावर असेल तरी त्रास होतो. ओव्हनचं दार उघडलं की गरम हवेचा लोट थेट फ्रिजच्या रबरावर जातो.

## टप्पा ४: मापं घ्या आणि निर्णय करा

टेपने ओव्हनच्या बाजूचा पत्रा आणि फ्रिजची कड यांतलं अंतर मोजा. पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी मोजा, कारण ओटा आणि भिंत क्वचितच काटकोनात असतात. सगळ्यात कमी आलेलं माप खरं धरा.

ओव्हनच्या पुस्तिकेत बाजूला, मागे आणि वर किती जागा सोडायची ते लिहिलेलं असतं. ती जागा द्यायचीच. त्यावर माझा हिशेब असा:

- ३० सेंटिमीटर किंवा जास्त: पडद्याची गरज नाही. हवा खेळती ठेवा आणि थेट टप्पा ७ वर जा.
- २० ते ३० सेंटिमीटर: पडदा लावा. ओव्हनपासून १० सेंटिमीटर मोकळे, पडद्याची जाडी साधारण ४ आणि पलीकडे फ्रिजपर्यंत किमान ५ सेंटिमीटर मोकळे.
- २० पेक्षा कमी: पडदा लावू नका, ओव्हन हलवा. एवढ्या जागेत पडदा कोंबला की दोन्हीकडची हवा बंद होते.

शेवटचा नियम कुणालाच आवडत नाही. "पातळ पडदा लावला तर?" असा प्रश्न लगेच येतो. पातळ पडदाही हवेची जागा खातोच, आणि या कामात हवाच महत्त्वाची आहे.

> तपासा: फ्रिजच्या दाराची बिजागरी पडद्याच्या बाजूला आहे का? असेल तर दार पूर्ण उघडून भाजीचा ड्रॉवर बाहेर निघतो का ते बघा. दाराला लागणारी जागा सोडूनच पडद्याची पुढची कड ठरवा. पडदा बसल्यावर ड्रॉवर अडकला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

## टप्पा ५: सामान आणा, आणि काय आणू नये ते ओळखा

पडद्यात दोन थर आणि मध्ये मोकळी हवा असते. ओव्हनकडे चकचकीत ॲल्युमिनिअमचा पत्रा, मागे २५ मिलिमीटर हवा, त्यामागे न जळणारा बोर्ड. पत्रा बहुतेक झळ परत फिरवतो. जी थोडी उष्णता तो स्वतः घेतो ती मधल्या हवेला देतो, आणि ती हवा तापून वरून निघून जाते, खालून थंड हवा आत येते. बोर्डापर्यंत फारच थोडी उष्णता पोहोचते. म्हणून पत्र्याची खालची आणि वरची कड उघडी असणं हा या पडद्याचा प्राण आहे.

लागणारं सामान:

- ॲल्युमिनिअमचा साधा पत्रा, रंग न दिलेला, पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा.
- कॅल्शिअम सिलिकेट बोर्ड किंवा फायबर सिमेंट बोर्ड, ८ ते १० मिलिमीटर. प्लायवूडच्या आणि इंटिरिअरच्या सामानाच्या दुकानात मिळतो. "ॲस्बेस्टॉस नसलेला" असं स्पष्ट सांगून घ्या.
- २५ मिलिमीटर चौरस लोखंडी पाइपची चौकट, खाली रुंद पाय आणि वर भिंतीला धरायला एक क्लॅम्प.
- २५ मिलिमीटर लांबीचे धातूच्या नळीचे सहा तुकडे. पत्रा आणि बोर्ड यांच्यात अंतर ठेवण्यासाठी.
- स्क्रू, मोठे वॉशर, नट.

चौकट शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडे होते. तिथे एक बोलणं हमखास होईल. मिस्त्री म्हणेल, "ताई, एवढं दोन-दोन थर कशाला? एकच जाड पत्रा मारूया की, लई दणकट होतंय." त्याचं काम मजबुतीचं असतं, म्हणून तो तसंच सांगणार. पण एकच जाड लोखंडी पत्रा तासाभरात स्वतः तापतो आणि मग दोन्हीकडे झळ फेकत बसतो, म्हणजे फ्रिजशेजारी दुसरा तवा उभा केल्यासारखंच. त्याला कागदावर चित्र काढून द्या आणि मधल्या २५ मिलिमीटरवर बोट ठेवून सांगा की ही फट राहिलीच पाहिजे.

आता जे आणायचं नाही ते.

थर्माकोल. ८० अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसतो आणि पेटला तर काळा, विषारी धूर करतो. ओटीजीच्या आसपास त्याचा तुकडाही नको.

बबल असलेली चंदेरी शीट. गच्चीच्या पत्र्याखाली लावतात ती. वरून चमकते पण आत प्लॅस्टिक असतं.

कडप्पा, ग्रॅनाइट, टाइल. दगड जळत नाही म्हणून लोकांना तो सुरक्षित वाटतो. पण दगडातून उष्णता रॉकवूलच्या (दगडी तंतूंच्या उष्णता अडवणाऱ्या गादीच्या) तुलनेत कित्येक पटींनी सहज जाते, शिवाय तो ती साठवून ठेवतो. ओव्हन बंद झाल्यावरही कडप्पा फ्रिजला तास-दीड तास शेक देत राहतो.

प्लाय आणि सनमायका. रोजच्या तापाने लाकूड सुकून काळं पडतं, सनमायका फुगून सुटतो.

जुना सिमेंटचा पत्रा. गावाकडच्या गोठ्यावरचा किंवा माळ्यावर पडलेला. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. त्याला हातच लावू नका.

रॉकवूल मध्ये भरावं का, असं बरेच जण विचारतात. उघड्या ओटीजीसाठी गरज नाही, मोकळी हवा पुरते. कपाटातल्या ओव्हनच्या आणि फ्रिजच्या मधली भिंत असेल तर २५ मिलिमीटर रॉकवूल दोन बोर्डांच्या मध्ये पूर्ण बंद करून बसवता येतं. हातमोजे आणि मास्क घालूनच हाताळा. उघडं राहिलं तर तंतू उडतात, आणि शेजारी खाणं आहे हे विसरू नका.

## टप्पा ६: पडदा बनवा आणि बसवा

१. उंची ठरवा. ओटा, त्यावर ओव्हन आणि वर १५ सेंटिमीटर. बहुतेक घरांत हे जमिनीपासून सुमारे साडेचार फूट येतं. चौकट जमिनीपासून उभी करा. भाड्याच्या घरात ओट्याला भोकं पाडावी लागत नाहीत.

२. खोली ठरवा. पडद्याची मागची कड भिंतीपासून ५ सेंटिमीटर अलीकडे थांबवा. फ्रिजच्या मागची गरम हवा तिथून निघते. पुढची कड ओव्हनच्या दारापर्यंत यावी, पण बिजागरीचा हिशेब करून.

३. बोर्ड कापा. अंगणात किंवा गच्चीवर, मास्क लावून, बोर्ड ओला करून. घरात कापू नका, धूळ दोन दिवस बसत राहते. बोर्ड फक्त ओट्याच्या पातळीपासून वर लावायचा. खालचा भाग मोकळा ठेवा. तिथून थंड हवा यायची आहे.

४. पत्र्यावरची फिल्म काढा. नव्या पत्र्यावर पातळ पारदर्शक किंवा निळसर प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते इतकं घट्ट बसलेलं असतं की आहे हे कळतही नाही. कोपरा नखाने उचलून बघा. ते राहिलं तर पहिल्याच भाजणीत वितळतं, घरभर वास सुटतो आणि पत्रा कायमचा डागाळतो.

५. भोकं मोठी पाडा. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला पत्र्यात ६ मिलिमीटरचं भोक आणि वर वॉशर. ॲल्युमिनिअम तापला की पसरतो. भोक घट्ट असेल तर पत्रा मधे फुगतो, बोर्डाला टेकतो आणि टणटण वाजतो.

६. अंतराचे तुकडे कडेला ठेवा. चार कोपऱ्यांत चार आणि दोन बाजूंच्या मध्यावर दोन. ओव्हनच्या मधोमध, जिथे सगळ्यात जास्त तापतं, तिथे एकही नको. प्रत्येक तुकडा म्हणजे उष्णतेला पलीकडे जायचा पूल आहे.

७. पत्र्याची खालची कड ओट्यापासून २-३ सेंटिमीटर वर ठेवा, वरची उघडी. वरून पट्टी मारून "फिनिशिंग" करू देऊ नका. मिस्त्री आपुलकीने ती पट्टी मारतो आणि आत हवा कोंडते.

८. उभा करून क्लॅम्प लावा. हाताने हलवून बघा. पडदा ओव्हनवर किंवा फ्रिजवर कलंडता कामा नये. फ्रिजला तो कुठेही टेकता कामा नये.

> सावधान: पडद्याच्या फटीत ट्रे, पोळपाट, वर्तमानपत्रं, किराण्याच्या पिशव्या ठेवायची सवय पटकन लागते. फट मोकळीच हवी. गॅसचा सिलिंडर आणि रबरी नळीही या भागातून जाऊ देऊ नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खाली साचतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर व त्याचे स्विच खालीच असतात.

## टप्पा ७: वीज

ओटीजी साधारण १२०० ते २००० वॅट ओढतो. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. फ्रिज वेगळ्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटवर. दोघांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जोडलेलं मी खूप घरांत पाहिलं आहे. बोर्डचा प्लग पिवळा पडलेला असतो आणि कुणाचं लक्ष नसतं.

फ्रिजची वायर ओव्हनच्या मागून जाऊ देऊ नका. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापासाठी असतं, ओटीजीचा मागचा पत्रा त्याच्या पुढे जातो. स्टॅबिलायझर ओव्हनच्या वरच्या भिंतीवर असेल तर तो बाजूला घ्या. वायरमनकडून अर्थिंग एकदा तपासून घ्या.

## टप्पा ८: चाचणी

ओव्हन २०० अंशांवर ४५ मिनिटं चालवा. रिकामा चालवायची गरज नाही, त्यात काहीतरी भाजून घ्या. दर १५ मिनिटांनी बघायचं ते असं:

- पडद्याच्या फ्रिजकडच्या बाजूला, म्हणजे बोर्डाला, हाताची मागची बाजू लावा. आरामात ठेवता आली पाहिजे. ओव्हनकडच्या पत्र्याला हात लावू नका.
- फ्रिजच्या दोन्ही कडांची तुलना करा. आता दोन्ही जवळपास सारख्या लागल्या पाहिजेत.
- उदबत्तीचा धूर पत्र्यामागच्या फटीतून वर ओढला जातो का बघा.

दोन तासांनी पेल्यातल्या थर्मामीटरचा आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशी ताडा. ओव्हन बंद असतानाच्या आकड्यापेक्षा एखाद्या अंशाचा फरक चालेल, मात्र त्या काळात दार वारंवार उघडलेलं नसावं.

बोर्ड गरम लागला तर बहुधा पत्रा कुठेतरी बोर्डाला टेकला आहे किंवा वरची वाट बंद झाली आहे. बोर्ड गार पण फ्रिजची वरची कड गरम, याचा अर्थ गरम हवा पडद्यावरून पलीकडे वळते आहे. बोर्डाची उंची आणखी १० सेंटिमीटर वाढवा किंवा वर एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. पुढच्या बाजूने, दाराच्या रबराशी गरम वाटत असेल तर ओव्हन थोडा मागे सरकवा, मात्र मागच्या भिंतीपासून पुस्तिकेत सांगितलेलं अंतर राखून.

चाचणी फसली म्हणून फ्रिजचा नॉब सगळ्यात थंडावर फिरवू नका. कॉम्प्रेसर न थांबता चालू लागतो, भाजीत बर्फ धरतो आणि बाहेर टाकायची उष्णता आणखी वाढते. उन्हाळ्यात नॉब एक खूण पुढे चालेल, शेवटपर्यंत नको.

## टप्पा ९: रोज चालवताना

भाजून झालं की ओव्हन अर्धा-पाऊण तास गरमच असतो. त्या वेळात पडद्याच्या दोन्ही फटी मोकळ्या आणि खिडकी उघडी ठेवा. गरम टिन थेट फ्रिजमध्ये ढकलू नका. जाळीवर गार होऊ द्या, नाहीतर बाहेरून वाचवलेली झळ तुम्ही स्वतः आत नेऊन ठेवता. ऑर्डरी जास्त असतील तर भाजणं पहाटे उरका. दुपारी एक ते चारमध्ये ओव्हन आणि उन्हाळा दोघांशी एकदम झुंजायला फ्रिजला लावू नका.

ॲल्युमिनिअमचा पत्रा चकचकीत असेपर्यंतच झळ परत फिरवतो. आपल्या स्वयंपाकघरात फोडणीचं आणि रश्श्याच्या कटाचं तेल हवेत असतंच. ते पत्र्यावर बसून पिवळसर थर धरतं. आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्याने मऊ फडक्याने पुसा. तारेची घासणी वापरू नका, ओरखडे पडले की तेल जास्त धरतं. तेच तेल फ्रिजच्या रबरावरही बसतं, तेही त्याच फडक्याने पुसा.

मागे जाळी असलेल्या फ्रिजची जाळी वर्षातून दोनदा मऊ ब्रशने झाडा, एकदा फेब्रुवारीत आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. आधी प्लग काढा. पावसाळ्यात फ्रिजच्या बाजूवर पाण्याचे थेंब दिसले तर कोरड्या फडक्याने पुसा आणि फट अडली आहे का बघा. तिथे पाणी टिकलं की पत्र्याला गंज चढतो. फ्रिजवर प्लॅस्टिकचं किंवा कापडी कव्हर घालत असाल तर बाजूने लोंबणारी झालर कापून टाका.

कॉम्प्रेसर काही मिनिटांनी "टक" आवाज करून बंद पडत असेल आणि पुन्हा सुरू होताना गुरगुरत असेल, तर तो तापून स्वतःला वाचवतो आहे. ओव्हन बंद करा, फ्रिजचा प्लग काढून अर्धा तास थांबा. ओव्हन दिवसभर बंद ठेवूनही तसंच होत असेल तर मेकॅनिकला बोलावा. त्याला वहीतले आकडे दाखवा आणि माहितीपट्टीवरचं गॅसचं नाव पहिल्यांदा सांगा. तिथे आर-६००ए असेल तर तो गॅस ज्वालाग्राही आहे. नळीला टॉर्च लावण्याआधी गॅस पूर्ण काढून, खिडक्या उघडून आणि शेजारचा ओव्हन व शेगडी विझवूनच काम व्हायला हवं. ते करायला तो तयार नसेल तर त्याला फ्रिज उघडू देऊ नका.